‘दिसलें’ म्हणण्याचा अधिकार

आपल्या लग्नविधींत अरुंधतीदर्शनाचा एक प्रसंग असतो. सप्तर्षींच्या शेपटींतला मधला तारा तो वसिष्ठ, आणि त्याला अगदीं लगटून जी बारीक चांदणी दिसते ती अरुंधती; ती वरानें वधूला दाखवावी व तिनें ती पाहावी, इतकाच त्या विधीचा आशय. विधि रात्रीचा आहे हें सांगावयास नकोच. परंतु कार्यालयाचें भाडें, आचाऱ्याची सवड आणि बाहेरगांवच्या पाहुण्यांच्या गाड्या यांच्या सोयीनें तो पुष्कळदां दुपारींच उरकला जातो. भटजी छताच्या रोखानें बोट करतात, वर त्यांच्या बोटामागें आपलें बोट करतो, आणि वधू मान हलवून ‘दिसली’ म्हणते. माझ्या लग्नांत हा विधि दुपारीं साडेबारा वाजतां झाला. माझ्या पत्नीला अरुंधती दिसली.

या ‘दिसली’बद्दल इतकीं वर्षें मला कांहींच वाटलें नव्हतें. शिष्टाचारांतील पुष्कळ शब्दांप्रमाणें तोहि एक शब्द, त्याचा काथ्याकूट कोण करील? तो बोचूं लागला तो अगदीं अलीकडे, आणि त्याला कारण झालीं माझ्या परसांतील एक दुर्बीण व खिशांतील एक फोन.

मी तर्कशास्त्राचा अध्यापक आहें. पन्नाशी उलटल्यावर कोणी बागेच्या नादीं लागतात, कोणी आपल्या घराण्याची वंशावळ शोधीत हिंडतात. मीं सहा इंच व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण विकत घेतली. आमचें घर सातारा जिल्ह्यांतील एका लहान गांवीं आहे. मागें परस; त्यांत आड, शेवग्याचें झाड, धुण्याचा दगड, आणि या सर्वांतून आकाशाचा जो एक लांबट तुकडा उरतो तेवढा माझ्या वांट्याला आलेला. त्याचीहि पश्चिमेची कड रस्त्यावरच्या नव्या पांढऱ्या दिव्यानें खाऊन टाकली आहे. तरी असो. दुर्बीण घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यांत एक गोष्ट कळून चुकते कीं, तिच्यांतून पाहावयास शिकावें लागतें. छापील चित्रांनीं आपली नजर इतकी लाडावलेली असते कीं, भिंगाखालीं थरथरणारा तो वाटाण्याएवढा ग्रह पाहून प्रथम निराशाच होते.

२०२५ सालच्या नोव्हेंबरांत मीं शेजारच्या मुलांना शनि दाखविण्यासाठीं बोलाविलें. त्या वर्षीं २३ मार्च रोजीं पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळींतून पलीकडे गेली होती, आणि नोव्हेंबरांतहि तीं कडीं आपणांस जवळजवळ धारेवरूनच दिसत होतीं. अडीच लाख किलोमीटरांहून अधिक विस्ताराचीं तीं कडीं. पण त्यांची जाडी बहुतेक ठिकाणीं मीटरांतच मोजावयाची. ताट डोळ्यांसमोर आडवें धरलें म्हणजे त्याची जशी नुसती रेघ उरते, तसा तो प्रकार. मुलांना एक फिकट पिंवळा ठिपका दिसला, आणि ज्यांची नजर तीक्ष्ण होती त्यांना त्याच्या दोहों बाजूंस केसाएवढी रेघ. दहा वर्षांची एक मुलगी डोळा बाजूला घेऊन म्हणाली, “काका, हा खरा शनि नाही. खऱ्याला रिंग असते.” आणि तिनें वडिलांच्या फोनावर तत्काळ मला खरा शनि काढून दाखविला!

मी हंसलों, पण तिचें म्हणणें पोरकट नव्हतें. हाच पेंच १६१२ सालीं गॅलिलिओपुढें उभा राहिला होता. १६१० सालीं त्याला शनीच्या दोहों बाजूंस दोन सोबती दिसले, व तसें त्यानें कळविलें. तीं कडीं आहेत हें त्याच्या त्या लहानशा दुर्बिणींतून उमगणें शक्य नव्हतें. दोन वर्षांनीं पाहतो, तों दोघेहि सोबती नाहींसे झालेले. कड्यांची धार पृथ्वीकडे वळली होती. पण तें कारण उलगडावयास १६५९ सालचा ह्युगेन्सचा ग्रंथ निघावा लागला. गॅलिलिओच्या हातीं तेव्हां कारण नव्हतें, आणि दुर्बीण ही फसवी वस्तु आहे असें म्हणणारे विरोधक तर टपूनच बसले होते. गप्प बसणें सर्वथा सोयीचें होतें. तरीहि वेल्सर या गृहस्थास पाठविलेल्या पत्रांत त्यानें साफ लिहिलें कीं शनि आतां एकटाच दिसतो, आणि या विलक्षण पालटाला काय म्हणावें तें आपल्याला सुचत नाहीं. गुरूचे चार चंद्र शोधल्याबद्दल जग त्याला मोठा म्हणतें. मला तो या पत्रांत अधिक मोठा वाटतो.

त्याच रात्रीं मुलें पांगल्यावर मीं आईला परसांत आणलें. तिचें वय ब्यायशीं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढलेले आहेत. पण अलीकडे दृष्टिपटलाच्या मध्यभागाला वार्धक्याचा विकार जडल्यामुळें तिला समोरच्या माणसाचा चेहरा धड दिसत नाहीं, कडेचें मात्र दिसतें. स्टुलावर बसून ती भिंगाशीं वांकली. मी शेजारीं उभा राहून सांगत होतों कीं हा जो प्रकाश तुझ्या डोळ्यांत शिरतो आहे तो सव्वा तासापूर्वीं तेथून निघालेला आहे. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “दिसला हो. छान दिसला.” मला धन्य वाटलें, आणि दुसऱ्या दिवशीं कॉलेजांत मीं ही हकीकत चौघांना ऐकविली.

फोन मध्यें आला तो यानंतर. माझ्या भाच्यानें फोन दुर्बिणीवर बसविण्याचा एक चिमटा आणून दिला. दिसावयास हें काम सोपें. पण भिंगांतून बाहेर पडणारी प्रकाशाची जुडी जेथें बारीक होते, नेमकी तेथें फोनाची कांच यावी लागते, आणि ती तांदुळाच्या दाण्याएवढी जरी सरकली तरी पडद्यावर अंधार होतो. माझ्या दुर्बिणीला यंत्रगति नाहीं. पृथ्वी फिरत असल्यामुळें चंद्र सुमारें दोन मिनिटांत आपल्या व्यासाइतका सरकतो. म्हणून एका हातानें नळी हळूच ढकलीत राहावयाचें. शिवाय पडद्याला बोट लागलें कीं सारें हालतें, यासाठीं तीन सेकंदांनीं आपोआप चित्र घेण्याची योजना लावून श्वास रोखून उभें राहावयाचें. अष्टमीच्या सुमारास चंद्रावरील उजेड व अंधार यांच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला त्या मुळींच दिसत नाहींत. अशा एका अष्टमीला माझें पहिलें बरें चित्र उतरलें.

आईनें फोन हातांत घेऊन तो कडेच्या दृष्टीच्या टापूंत धरला, दोन बोटांनीं चित्र मोठें केलें, आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. “हे खळगे कसले?” तिनें विचारलें. मीं विवरांची माहिती सांगितली. “आणि हा आपल्या परसातला चंद्र?” मीं ‘हो’ म्हटलें. पुढें पंधरा दिवसांनीं मीं आणखी सुंदर चित्र काढलें, त्याची प्रत छापून आणली, आणि देव्हाऱ्याशेजारीं ज्या खिळ्याला पंचांग टांगलेलें असतें त्याच्याच वर तिनें ती लावून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगे, “हा आमच्या घरचा चंद्र.”

आतां माझ्या शंकेकडे वळतों. यंत्रानें डोळ्याहून अधिक दाखविणें ही लबाडी आहे काय? मुळींच नाहीं. मृगाच्या पोटांतील बाणाच्या तीन ताऱ्यांखालीं जो तेजोमेघ आहे, तो माझ्या डोळ्याला दुर्बिणींतून राखी धुरासारखा दिसतो. तोच फोनाची कांच कांहीं सेकंद उघडी ठेवली म्हणजे गुलाबी उमटतो. यांत फोनानें पदरचें कांहीं घातलेलें नसतें. अंधुक प्रकाशांत आपल्या डोळ्याचे रंग ओळखणारे घटक काम करीत नाहींत, आणि डोळा प्रकाश सांठवूनहि ठेवीत नाहीं. क्षणाच्या अंशाअंशानें तो पाटी पुसून टाकतो. पाटी न पुसणारें साधन मिळालें कीं तोच प्रकाश थेंबाथेंबानें जमून घागर भरते. हेन्री ड्रेपर यानें १८८० सालीं याच तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. तीन वर्षांतच कॉमन या हौशी इंग्रज निरीक्षकानें घेतलेल्या चित्रांत मानवी डोळ्याला त्याच दुर्बिणींतूनहि न दिसणारे तारे उमटले. त्या चित्रांतील प्रत्येक कण तेथूनच आलेला होता, सुमारें तेराशें वर्षें वाट चालून आलेला. डोळा कमी पडला म्हणून तो खोटा ठरत नाहीं.

चंद्राची गोष्ट निराळी. एका रात्रीं विरळ ढग होते. भिंगांत चंद्र पाण्याखालच्या नाण्यासारखा डुचमळत होता. मला एकहि विवर धड दिसेना. केवळ चाळा म्हणून मीं चित्र घेतलें, आणि पाहतों तों तें कोरीव काम केल्यासारखें स्वच्छ! मला प्रथम आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. मागाहून मात्र आठवण झाली ती २०२३ सालच्या मार्चमधील एका वादाची. कोणा एका जिज्ञासूनें चंद्राचें चित्र मुद्दाम बिघडवून अगदीं पुसट केलें, तें संगणकाच्या पडद्यावर लावलें, खोलीत अंधार केला, आणि एका मोठ्या कंपनीच्या फोनानें दुरून त्याचें छायाचित्र घेतलें. पडद्यावर जे तपशील नव्हतेच, ते छायाचित्रांत उमटले. कंपनीनेंहि त्यानंतर सांगितलें कीं, समोर चंद्र आहे हें ओळखून त्याचा तपशील उठावदार करण्याची योजना आपल्या फोनांत आहे. मीं माझ्या फोनावर तोच प्रयोग करून पाहिला. भिंतीवर चिकटविलेल्या, विवरें पुसून टाकलेल्या कागदी चंद्रावर माझ्या फोनानें विवरें काढून दिलीं.

हें चंद्राच्याच बाबतींत साधतें याचें कारणहि मौजेचें आहे. चंद्र आपणांकडे नित्य एकच तोंड ठेवतो; त्यामुळें लाखों लोकांनीं काढलेलीं त्याचीं चित्रें पाहून तें तोंड यंत्राला पाठ होतें. गुरूचे चंद्र रोज जागा बदलतात, शनीचीं कडीं मिटतात आणि उघडतात. तेथें घोकंपट्टी फारशी चालत नाहीं. चंद्र बिचारा पाठांतराला सोपा!

आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं ज्ञानाचीं चार प्रमाणें मानलीं. इंद्रियाचा विषयाशीं संबंध घडून होतें तें प्रत्यक्ष. विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून होतें तें शब्द. देव्हाऱ्याशेजारचें तें चित्र मीं या तराजूंत घालून पाहिलें. चंद्राची कला, त्याचा कल, कडेचा उजेड, हें त्या रात्रीचें प्रत्यक्ष. विवरांच्या कडा मात्र दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कोठें, दुसऱ्या कोणत्या तरी रात्रीं पाहिलेल्या. म्हणजे तें शब्दप्रमाण. आणि शब्दप्रमाण वाईट असें कोण म्हणेल? माझी जन्मतारीख मला शब्दप्रमाणानेंच ठाऊक आहे. शिवाय चित्रांतलीं विवरें चंद्रावर खरोखरच त्या त्या ठिकाणीं आहेत. टायकोच्या विवराचा पंचाऐंशीं किलोमीटरांचा व्यास माझ्या फोनानें बनविलेला नाहीं. मग खोटें काय आहे? चित्रांतील एकहि गोष्ट खोटी नसून, ‘हें आमच्या परसांतून दिसलें’ हें त्याखालचें वाक्य तेवढें खोटें आहे. वस्तूविषयीं खरें आणि साक्षीविषयीं खोटें असें विधान असूं शकतें. न्यायालयांत असल्या साक्षीला काय म्हणतात तें वकिलांना विचारावें. न पाहिलेला चोर खरोखरच चोर निघाला, म्हणून त्याला पाहिल्याची शपथ खरी होत नाहीं.

माझे एक मित्र मानसशास्त्र शिकवितात. त्यांना मीं हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “तुमचा डोळा तरी काय निराळं करतो? तोही अर्धं पाहतो आणि अर्धं आठवणीतून भरतो.” आक्षेप वजनदार आहे, आणि खगोलशास्त्राच्या इतिहासांतच त्याचा भक्कम पुरावा आहे. १८७७ सालीं शियापारेल्लीला मंगळावर सरळ रेषा दिसल्या. पुढें अमेरिकेंत पर्सिव्हल लॉवेलनें त्या रेषांचें जाळेंच्या जाळें रेखाटलें, आणि तेथील प्रगत लोकांनीं खोदलेले ते कालवे होत असें प्रतिपादिलें. लॉवेल लबाड नव्हता. पदरचा पैसा ओतून वेधशाळा बांधणारा, रात्रीच्या रात्री जागणारा माणूस तो. १९०३ सालीं माँडर यानें ग्रीनिच येथील शाळेंतल्या मुलांसमोर मंगळाचीं, कालवे नसलेलीं, चित्रें ठेवून त्यांना त्यांची नक्कल करावयास सांगितलें. ठराविक अंतरावर बसलेल्या कित्येक मुलांनीं त्यांत सरळ रेषा ओढल्या! तुटक ठिपके जोडून रेघ पाहणें हा डोळ्यामागच्या मनाचा धर्मच आहे. १९६५ सालीं मरिनर-४ हें यान मंगळाजवळून गेलें, आणि त्याच्या चित्रांत कालवा नव्हता.

म्हणजे डोळा निर्मळ आणि यंत्र मलिन अशी वांटणी करून मला सुटतां येत नाहीं. तरीहि लॉवेलच्या चित्रांत आणि माझ्या चित्रांत एक भेद मला दिसतो, आणि तो मी सोडावयास तयार नाहीं. लॉवेलनें ज्या रेषा ओढल्या त्यांखालीं त्याची सही होती. त्याला विचारतां येत होतें, खोडतां येत होतें, त्याच्यावर हंसतां येत होतें; आणि लोकांनीं तें सर्व केलें. माझ्या चंद्रावरील विवरांना जबाबदार कोण? फोनाला विचारून उपयोग नाहीं. ज्यांच्या चित्रांवरून तो शिकला, त्यांना माझ्या परसाची वार्ताहि नाहीं. उरलों मी. आणि मीं तर चित्र पाहतांच ‘मीं काढलें’ म्हणून घरभर दाखविलें. पाहण्याची मेहनत दुसऱ्याची, आणि पाहिल्याचा मान माझा, असा हा व्यवहार झाला. कॉलेजांत विद्यार्थ्याच्या निबंधांत असलें कांहीं सांपडलें, तर मी त्याला बोलावून घेतों.

येथें मला पुन्हां अरुंधती आठवली. आपल्या शास्त्रकारांनीं तिच्यावरून एक न्याय बसविला आहे, आणि शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत तो वापरला आहे. बारीक अरुंधती एकदम दिसत नाहीं. म्हणून दाखविणारा आधीं तिच्या जवळचा मोठा तारा दाखवून ‘ही अरुंधती’ म्हणतो, आणि नजर तेथें स्थिरावल्यावर ‘ती नव्हे, तिच्याशेजारची ही’ असें सांगून खरी दाखवितो. या न्यायाचा पूर्वार्धच आपल्या तोंडीं अधिक असतो: स्थूलांतून सूक्ष्माकडे न्यावें, वगैरे. पण त्यांतील सगळें इमान उत्तरार्धांत आहे. आधीं दाखविलेली ती नव्हे, हें सांगावयास दाखविणारा बांधलेला आहे. तें न सांगतां जो उठून गेला, त्यानें वाट दाखविली नाहीं, वाटेंत सोडलें. मीं आईला मोठा तारा दाखविला होता, आणि उठून गेलों होतों.

सांगावें कीं नाहीं, यावर मीं बरेच दिवस घालविले. ब्यायशीं वर्षांच्या बाईला, जिला धड दिसत नाहीं, तिच्या भिंतीवरच्या चंद्रांतून विवरें काढून घेण्यांत कसलें सत्यप्रेम? पत्नीचें मत, सांगूं नये. भाचा म्हणाला, “मामा, आजीला काय फरक पडतो?” तिला फरक पडत नाहीं, म्हणूनच तिला कांहींहि सांगावें, या विचारानें मात्र मला लाज वाटली. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना आपण ज्या सहजतेनें फसवितों तिला आपण प्रेम म्हणतों. त्यांत थोडी तुच्छताहि असते.

शेवटीं एका संकष्टीला मीं तें सांगितलें. आई अजून संकष्टी करते. लहानपणीं श्रावणांत आभाळ भरलेलें असे, चंद्राचा पत्ता नसे. तेव्हां ती पंचांगांतील वेळ पाहून, ‘उगवला असेल’ म्हणून ताटावर बसे. ‘दिसला’ असें ती तेव्हां कधींहि म्हणाली नव्हती. हें माझ्या ध्यानांत आलें तें त्या संध्याकाळीं, चंद्रोदयाची वाट पाहत तिच्याजवळ बसलों असतां. मीं चित्राची सगळी हकीकत, ढगांची, कागदी चंद्राची, तिला समजेल अशा शब्दांत सांगितली.

तिनें ऐकून घेतलें. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “म्हणजे हा पंचांगातला चंद्र म्हणायचा.”

“तसंच काहीसं,” मी म्हणालों.

“असू दे तिथंच. पंचांगाजवळच आहे.” आणि थोड्या वेळानें: “तुझा तो शनि मला दिसला नव्हता हो. तू एवढा थंडीत उभा होतास. मी म्हटलं, दिसला म्हणावं. लग्नात अरुंधतीही अशीच दिसली होती.”

मला काय बोलावें तें सुचलें नाहीं. चंद्र शेजारच्या कौलांवर येईपर्यंत आम्ही दोघेंहि गप्प होतों. मग मीं दुर्बीण परसांत मांडली, फोन घरांतच ठेवला, आणि तिला स्टुलावर बसविलें. अंधुक वस्तु पाहतांना आम्ही निरीक्षक नजर तिच्यावर न रोखतां किंचित् कडेला ठेवतों. डोळ्याच्या कडेला मंद उजेड अधिक कळतो. तिच्या डोळ्याची नेमकी तीच कड शाबूत आहे, हें इतके दिवस माझ्या डोक्यांत कसें आलें नाहीं कोण जाणे. मीं तिला म्हटलें, “सरळ बघू नकोस. जरा बाजूला बघ, आडाकडे बघितल्यासारखं.”

ती बराच वेळ वांकून होती.

“पिवळं काहीतरी आहे,” ती म्हणाली. “मोठं आहे. खळगे नाही दिसत. हलतंय ते.” आणि मग, “आता गेलं.”

मीं नळी जराशी पुढें ढकलली.